मुदत संपलेले नाव कोणाचे?

नाशिक रोड म्हटले की बहुतेकांना रेल्वे स्थानक आणि नोटांचा छापखाना आठवतो. पण याच गावात आणखी एक महत्त्वाची वस्तू छापली जाते. १९२५ साली सुरू झालेल्या येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापतात, तसेच भारताचे पासपोर्टही छापतात. तुमच्या घरात कोणाचा पासपोर्ट असेल, तर त्यांच्या परवानगीने तो उघडून पाहा. त्यावर दोन तारखा दिसतील. एक पासपोर्ट दिल्याची आणि दुसरी त्याची मुदत संपण्याची. प्रौढ माणसाचा पासपोर्ट साधारणपणे दहा वर्षे चालतो. मुदत संपली की त्यावर परदेशी जाता येत नाही. पण तुमच्या काकांच्या पासपोर्टची मुदत संपली, म्हणून उद्या त्यांच्याच नावाचा आणि त्याच क्रमांकाचा पासपोर्ट एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडेल काय? मुळीच नाही.

आता मोबाइलचे पाहू. नवे सिमकार्ड घेतल्यावर पहिले काही दिवस भलत्याच माणसांचे फोन येतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. "जोशीकाका आहेत का?" असे कोणी विचारते आणि आपण म्हणतो, "नाही हो, चुकीचा नंबर लागला." खरे तर नंबर चुकलेला नसतो. नंबर तोच असतो, फक्त त्याचा धनी बदललेला असतो. आपल्या देशात बंद झालेला मोबाइल नंबर निदान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो.

इंटरनेटवर ज्या नावांनी आपण संकेतस्थळे उघडतो, त्यांना 'डोमेन नावे' म्हणतात. ती पासपोर्टसारखी असतात की मोबाइल नंबरसारखी? ती मोबाइल नंबरसारखी असतात. त्यांची मुदत संपते आणि मग तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. अशी सोडून दिलेली नावे मुद्दाम शोधून विकत घेण्याचा मोठा धंदा जगभर चालतो. ती कोण घेतो, कशासाठी घेतो आणि त्यामुळे आपल्यासारख्या साध्या माणसाचे काय बिघडू शकते, हे या लेखात पाहू.

आकडा यंत्रासाठी, नाव माणसासाठी

नाशिक रोडचा पिनकोड ४२२१०१ आहे. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती आखण्यात टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा मोठा वाटा होता. सारख्या नावाची गावे अनेक असतात आणि पत्ते वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले असतात. त्यामुळे पत्रे लावणाऱ्याचा घोटाळा होई. आकड्याने तो घोटाळा मिटला. पण आपण बोलताना "मी ४२२१०१ ला राहतो" असे म्हणतो का? आपण "नाशिक रोडला राहतो" असेच म्हणतो. आकडा व्यवस्थेच्या सोयीसाठी असतो आणि नाव माणसाच्या सोयीसाठी.

इंटरनेटवरही असेच आहे. तेथे जोडलेल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला 'आयपी पत्ता' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यात चार संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी एक असते. म्हणजे एकंदर पत्ते २५६ × २५६ × २५६ × २५६, अर्थात सुमारे ४२९ कोटी होतात. (वहीत गुणाकार करून पाहा.) एवढे आकडे कोण पाठ करणार? म्हणून आकड्यांना नावे देण्यात आली. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि ती सर्वांना पाठवली जाई. संगणक वाढले तशी ती यादी सांभाळणे अशक्य झाले. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञाने नावांची नवी यंत्रणा आखली. तिला 'डीएनएस' म्हणतात.

डीएनएस समजण्यासाठी पाकिटावरचा पत्ता डोळ्यांपुढे आणा. वर माणसाचे नाव, मग रस्ता, मग नाशिक रोड, शेवटी जिल्हा आणि राज्य. आपण पत्ता वरून खाली लिहितो, पण पत्रे लावणारा माणूस तो खालून वर वाचतो. आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव आणि सर्वांत शेवटी घर. डीएनएसदेखील नाव उजवीकडून डावीकडे वाचते. समजा, नाव आहे 'अमुकशाळा.इन'. तुमचा संगणक प्रथम विचारतो, ".इन या शेवटाची नोंदवही कोणाकडे आहे?" ती सापडली की तेथे विचारतो, "अमुकशाळा या नावाची माहिती कोण ठेवतो?" तो संगणक सापडला की शेवटी आयपी पत्ता मिळतो आणि पान उघडते. हे सर्व पापणी लवण्याच्या आत होते.

भारताच्या '.इन' या शेवटाचा इतिहास महाराष्ट्रातच सुरू होतो. १९८९ मध्ये '.इन' भारताला मिळाले आणि त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आला. २००५ पासून तो 'निक्सी' या संस्थेच्या देखरेखीखाली चालतो. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' हा शेवटही मिळू लागला. म्हणजे आता मराठी अक्षरांतही डोमेन नाव घेता येते.

नाव भाड्याने मिळते

लोक सहज बोलतात, "मी डोमेन विकत घेतले." पण हा शब्द थोडा फसवा आहे. घर विकत घेतले की ते आपले होते. डोमेन नाव मात्र ठरावीक काळापुरतेच मिळते. ते कमीत कमी एक वर्षासाठी घ्यावे लागते आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते. मुदत संपण्यापूर्वी पुन्हा पैसे भरले की नाव पुढे चालू राहते. यालाच नूतनीकरण म्हणतात.

या व्यवहारात तीन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणजे एका शेवटाची संपूर्ण नोंदवही सांभाळणारी संस्था. तिला 'रजिस्ट्री' म्हणतात. '.कॉम'ची नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. दुसरा पक्ष म्हणजे 'रजिस्ट्रार', अर्थात ग्राहकाकडून पैसे घेऊन नोंद करून देणारी कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे नाव घेणारा. या तिघांमध्ये नाव घेणारा माणूस खरोखर कोण आहे, त्याचे काम चांगले आहे की वाईट, याची पासपोर्टसारखी कसून चौकशी बहुतेक वेळा होत नाही. जो आधी मागेल आणि पैसे भरेल, त्याला नाव मिळते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सर्व प्रश्न तिच्यातूनच निर्माण होतात.

मुदत संपल्यावरचे ८० दिवस

'.कॉम'सारख्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की रजिस्ट्रारने नाव घेणाऱ्याला आधी आठवण द्यावी. पहिली सूचना सुमारे एक महिना आधी, दुसरी सुमारे एक आठवडा आधी आणि तरीही पैसे न भरल्यास मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी.

एवढे होऊनही कोणी लक्ष दिले नाही, तर नाव लगेच दुसऱ्याला जात नाही. आधी सवलतीचा काळ असतो. तो जास्तीत जास्त ४५ दिवसांचा असतो. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. गहाण पडलेला दागिना जास्त पैसे भरून सोडवावा, तसे या काळात जुन्या धन्याला जास्त शुल्क भरून नाव सोडवता येते. नंतर ५ दिवस नाव गोठलेले असते. या पाच दिवसांत कोणालाच काही करता येत नाही. मग ते नोंदवहीतून पुसले जाते.

उदाहरण घेऊ. एका नावाची मुदत १ जानेवारी २०२६ रोजी संपली. ४५ दिवस मिळवा, १५ फेब्रुवारी येते. आणखी ३० दिवसांनी १७ मार्च. आणखी ५ दिवसांनी २२ मार्च. म्हणजे जास्तीत जास्त ८० दिवसांनी ते नाव सर्वांना खुले होते. इतर शेवटांचे नियम थोडे वेगळे असू शकतात.

नाव खुले होण्याच्या क्षणाची वाट पाहत काही कंपन्या टपून बसलेल्या असतात. त्यांचे संगणक त्या क्षणी रजिस्ट्रीकडे मागण्यांचा नुसता पाऊस पाडतात. ज्याची मागणी आधी पोहोचेल, त्याला नाव मिळते. माणसाने हाताने टंकून या शर्यतीत जिंकणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय चांगले नाव असेल, तर कित्येकदा रजिस्ट्रार ते पुसले जाण्यापूर्वीच, सवलतीच्या काळात, त्याचा लिलाव करतात. मग ८० दिवसांचा हिशेबही उपयोगी पडत नाही. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहत बसू नये.

रिकाम्या दुकानाची किंमत

नवे नाव तर थोड्या पैशांत मिळते. मग दुसऱ्याने टाकलेल्या नावासाठी लोक कित्येक पट पैसे का मोजतात?

समजा, बिटको चौकात वीस वर्षे एक औषधाचे दुकान होते. दुकानदार गाव सोडून गेला, पण पाटी तशीच राहिली. आता त्या गाळ्यात दुसरा कोणी आला आणि त्याने पाटी उतरवली नाही, तर काय होईल? जुनी गिऱ्हाइके आपोआप येत राहतील. शेजारचे लोक अजूनही वाटसरूला सांगतील, "औषध पाहिजे? त्या दुकानात जा." नव्या माणसाने हा विश्वास मिळवलेला नाही. तो त्याला गाळ्याबरोबर फुकट मिळाला.

डोमेन नावाची 'पाटी' म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारे दुवे. इतर संकेतस्थळांवर, पुस्तकांत, बातम्यांत आणि स्मरणिकांत तो पत्ता छापलेला असतो. गुगल या शोधयंत्राचे निर्माते लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये पाने क्रमाने लावण्याची जी रीत मांडली, तिचा पाया हाच होता. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा हे जणू मत आहे, आणि ज्या पानाला स्वतःला पुष्कळ मते आहेत, त्याच्या मताला जास्त वजन. आज शोधयंत्रे आणखी पुष्कळ गोष्टी विचारात घेतात, पण दुव्यांचे महत्त्व उरलेच आहे. म्हणून जुन्या, नावाजलेल्या नावाला किंमत येते. काही लोक असे नाव घेऊन त्यावर जुगाराच्या वा तसल्याच जाहिराती भरतात, म्हणजे जुन्या मतांच्या जोरावर ती पाने वर येतील. हा प्रकार इतका वाढला की मार्च २०२४ मध्ये गुगलने मुदत संपलेल्या नावांचा असा गैरवापर आपल्या नियमांविरुद्ध असल्याचे जाहीर केले.

पत्रे कोणाच्या घरी?

आता खरा धोका पाहू. यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जेल रोडवरील एका शाळेने सुवर्णमहोत्सवानिमित्त संकेतस्थळ काढले. एका उत्साही शिक्षकांनी स्वतःच्या ईमेलवरून नाव नोंदवले आणि दहा वर्षांचे पैसे भरले. शाळेच्या स्मरणिकेवर, देणगीच्या पावतीवर आणि दाखल्यांच्या कागदावर तो पत्ता छापला गेला. कार्यालयाचा ईमेलही त्याच नावावर होता. पुढे ते गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनी तो जुना ईमेल बंद केला. दहा वर्षांनी रजिस्ट्रारच्या तिन्ही सूचना त्या बंद पेटीत गेल्या. कोणीच त्या वाचल्या नाहीत. नाव सुटले आणि एका अनोळखी माणसाने ते घेतले.

आता एका माजी विद्यार्थ्याने शाळेला ईमेल पाठवला. त्याचा संगणक डीएनएसला विचारतो, "या नावाची टपाल कोठे द्यायची?" डीएनएसमध्ये त्यासाठी वेगळी नोंद असते. ती नोंद नावाचा आजचा धनी लिहितो. म्हणून पत्र बिनचूक नव्या माणसाकडे जाते. आपल्या भागातला पोस्टमन माणसे ओळखतो. "गुरुजी आता येथे राहत नाहीत," असे म्हणून तो पत्र परत नेईल. डीएनएस मात्र माणसे ओळखत नाही, ते फक्त नाव ओळखते.

पत्रापुरतेच हे थांबत नाही. अनेक संकेतस्थळांवर "पासवर्ड विसरलात?" अशी सोय असते. ती दाबली की नवा पासवर्ड करण्याचा दुवा ईमेलवर येतो. शाळेची खाती जुन्या ईमेलवर असतील, तर तो दुवा नव्या माणसाला मिळेल आणि त्या खात्यांचे कुलूप त्याच्या हाती जाईल. शिवाय तो शाळेची जुनी पाने जशीच्या तशी मांडून देणगीसाठी फक्त बँक खात्याचा क्रमांक बदलू शकेल.

तुम्ही म्हणाल, "पण पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र असते ना? मग संकेतस्थळ खरेच असणार." येथे पुष्कळजण फसतात. ते कुलूप एवढेच सांगते की तुमचे बोलणे वाटेत कोणी ऐकत नाही आणि समोरचा त्या नावाचा आजचा धनी आहे. नव्या माणसालाही ते कुलूप रीतसर मिळते. कालचा धनी कोण होता, हे कुलूप सांगत नाही.

एका नाताळात घडलेली गोष्ट

हे केवळ लहान शाळेच्या बाबतीत होते असे समजू नका. सबीर भाटिया या भारतीय तरुणाने आपल्या सहकाऱ्याबरोबर १९९६ मध्ये 'हॉटमेल' ही ईमेल सेवा सुरू केली. १९९७ च्या अखेरीस ती मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीने घेतली. हॉटमेल उघडताना ओळख पटवण्यासाठी 'पासपोर्ट.कॉम' हे नाव वापरले जाई. डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळात, पुष्कळ लोकांचे हॉटमेल उघडेनासे झाले. कारण काय होते? 'पासपोर्ट.कॉम'चे शुल्क भरायचे राहून गेले होते! अमेरिकेतील एका प्रोग्रॅमरने हे ओळखले आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. त्याने नाव स्वतःकडे ओढले नाही, दुसऱ्याचे थकलेले शुल्क भरले, हे विशेष. एवढ्या मोठ्या कंपनीचा दरवाजा ३५ डॉलरच्या बिलाने अडला होता. तेथे एखादा लबाड माणूस असता तर काय झाले असते, याचा विचार करा.

नाव घेणे वाईट आहे काय?

मग मोकळी नावे घेणे हा गुन्हाच मानावा काय? तसे नाही. समजा, कोणी 'द्राक्षबाग' अशा अर्थाचे साधे नाव घेतले, नंतर धंदा बंद केला आणि नाव सोडून दिले. ते नाव निफाडच्या शेतकऱ्यांच्या एखाद्या गटाने घेऊन आपली द्राक्षे विकली, तर त्यात गैर काहीच नाही. पडीक जमीन कोणी कसली, तर ती चांगलीच गोष्ट.

कधीकधी मोकळे नाव घेतल्याने मोठे संकटही टळते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा संगणकांतला रोग जगभर पसरला. इंग्लंडमधील रुग्णालयांचे कामही त्यामुळे अडले. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश तज्ज्ञाला असे आढळले की हा रोग प्रत्येक संगणकात शिरताना एका लांबलचक, निरर्थक नावाकडे चौकशी करतो. ते नाव कोणीच घेतलेले नव्हते. हचिन्सने सुमारे ११ डॉलर खर्चून ते नोंदवले. त्या नावाकडून उत्तर मिळू लागताच रोग पुढे पसरायचा थांबला! हे नाव मुदत संपलेले नव्हते, कधीच न घेतलेले होते. पण मोकळे नाव कोणाच्या हाती पडते यावर केवढे अवलंबून असते, हे यावरून कळते.

तिसरा चांगला उपयोग म्हणजे जुने लेखन वाचवणे. अमेरिकेतील प्यू या संशोधन केंद्राने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. सोडून दिलेली नावे हे त्याचे एक कारण आहे. १९९६ पासून 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवत आली आहे. एखाद्या गावाच्या इतिहासाचे बंद पडलेले संकेतस्थळ त्या प्रतींवरून पुन्हा उभे करता येते. मात्र एक अट आहे. नावाची मुदत संपली म्हणून लेखनावरचा हक्क संपत नाही. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो. म्हणून लेखकाची परवानगी घेतलीच पाहिजे.

दुसऱ्याच्या नावाचा फायदा घेणाऱ्यांना कायद्याचाही अटकाव आहे. मुंबईच्या 'रेडिफ' या कंपनीच्या नावासारखेच, एकच अक्षर बदललेले 'रॅडिफ' असे नाव दुसऱ्याने घेतले होते. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल दिला. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. '.इन' नावांवरील तंटे सोडवण्यासाठी निक्सीची स्वतंत्र व्यवस्थाही आहे. पण तंटा करण्यास वेळ आणि पैसा लागतो. मोठ्या कंपनीला ते परवडते. जेल रोडवरच्या शाळेला परवडेल काय?

पासबुकावरचा जुना पत्ता

हा विषय आज आपल्या दारापर्यंत आला आहे. ग्राहकांची फसवणूक कमी व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना एक आदेश दिला. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे '.बँक.इन' या शेवटाखाली न्यावीत, असा तो आदेश होता. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली हैदराबादची 'आयडीआरबीटी' ही संस्था नोंदणी करते. म्हणजे येथे नाव देण्यापूर्वी मागणारा कोण आहे हे पाहिले जाते. ही रीत मोबाइल नंबरपेक्षा पासपोर्टच्या जवळची आहे.

व्यवस्था उत्तम आहे. पण बँकांच्या जुन्या नावांचे काय? ती नावे जुन्या पासबुकांवर, चेकबुकांवर आणि कॅलेंडरांवर छापलेली आहेत. एखाद्या लहान बँकेला वाटू शकते की नवे नाव मिळाले, आता जुन्याचे पैसे कशाला भरा? तसे केले, तर ते नाव ८० दिवसांच्या वाटेने बाजारात येईल. मग निवृत्त आजोबा पासबुकावर पाहून पत्ता टंकतील आणि भलत्याच दारात जाऊन उभे राहतील. म्हणून घर बदलले तरी जुने नाव निदान काही वर्षे आपल्याकडे ठेवावे आणि तेथे आलेल्याला नव्या पत्त्याकडे पाठवावे, हाच शहाणपणा आहे. वर्षाच्या शुल्कात हे काम होते.

थोडक्यात, नावाची मुदत तारखेला संपते, पण लोकांचा त्यावरचा विश्वास तारखेला संपत नाही. तो मागे उरतो आणि नव्या धन्याला आयता मिळतो. म्हणून नाव सोडणाऱ्याने आधी खाती, पत्रे आणि छापील पत्ते यांची निरवानिरव करावी. आणि दुसऱ्याने सोडलेले नाव घेणाऱ्याने "हे संकेतस्थळ आता वेगळ्या संस्थेचे आहे" असे ठळक लिहावे, चुकून आलेली पत्रे वाचू नयेत.

करून पाहा

१. शाळेच्या ग्रंथालयातील दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मासिके, स्मरणिका आणि माहितीपत्रके घ्या. त्यांत छापलेल्या संकेतस्थळांची यादी करा. ती थेट उघडू नका, कारण आज तेथे काय असेल ते सांगता येत नाही.

२. शिक्षकांच्या मदतीने प्रत्येक नाव 'आयकॅन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शोधपानावर किंवा '.इन'साठी रजिस्ट्रीच्या शोधपानावर पाहा. नाव प्रथम केव्हा नोंदले आणि मुदत केव्हा संपते, या दोन तारखा लिहून घ्या. स्मरणिका २०१२ ची आणि नोंद २०२१ ची असेल, तर त्याचा अर्थ काय होतो?

३. इंटरनेट आर्काइव्हमध्ये त्या नावाच्या जुन्या प्रती शिक्षकांसोबत पाहा. पूर्वी काय होते आणि पुढे केव्हा बदलले, याचा तक्ता करा.

४. मुख्याध्यापकांना चार प्रश्न विचारा. शाळेचे नाव कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे? मुदत केव्हा संपते? सूचना निदान दोन माणसांना मिळतात काय? आपोआप नूतनीकरणाची सोय चालू आहे काय?

चौथ्या प्रश्नमालेची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती मिळेपर्यंत पाठपुरावा करा. एखादी तारीख जवळ आली असल्याचे वेळीच लक्षात आले, तर तुमचा अभ्यास वहीबाहेर पडून शाळेच्या खरोखरच कामी येईल.